पुसलेला रस्ता

त्या दिवशी डस्टरने रस्ता नेहमीपेक्षा लवकर पुसून काढला आणि त्याबरोबर सख्ख्या बहिणीच्या गाडीच्या खुणाही पुसल्या. हे त्याला कळलं तेव्हा सूर्य टेकला होता आणि वाळू गार पडायला लागली होती. पुढे काय झालं ते सांगायचंच आहे, पण आधी हा डस्टर कोण ते सांगायला हवं, नाहीतर कुणीही म्हणेल, असा कसा हा माणूस!

उद्यानात सगळे त्याला डस्टरच म्हणायचे. फाटकावरचे म्हणायचे, जीपवाले म्हणायचे, आणि नवे साहेब आले तेही आठवड्याभरात 'डस्टरकाका' म्हणायला लागले. शाळेत फळा पुसायचं डस्टर असतं, तसा हा वाळवंटातला रस्ता पुसणारा. नाव ठेवणाऱ्याने फारसं डोकं चालवलं नव्हतं, पण चिकटलं ते चिकटलंच.

रस्ता पुसतात म्हणजे काय करतात, हे न बघितलेल्या माणसाला सांगावंच लागतं. या राष्ट्रीय उद्यानाला फाटकं दोन, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, आणि त्यांना जोडणारा रस्ता एकच, तोही वाळूचा. दिवसभर पर्यटकांच्या गाड्या पूर्वेकडून शिरतात, हरणं बघत, कोल्हे दिसले नाहीत म्हणून कुरकुरत पश्चिमेकडून बाहेर पडतात. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून दुपार कलली की फाटक बंद. मग डस्टरचा ट्रॅक्टर निघायचा. मागे साखळदंडाने बांधलेले ट्रकचे झिजलेले टायर, एकाला लागून एक. त्याला तो माळ म्हणायचा. माळ ओढत नेली की दिवसभराची चाकं, पावलं, खूर, सगळं पुसलं जायचं आणि वाळू कोऱ्या पाटीसारखी व्हायची. सकाळी पहारेकरी येऊन बघायचे. त्या कोऱ्या वाळूवर जे काही उमटलेलं असेल ते रात्रीचं. चोरून शिरलेला शिकारी असो, नाहीतर रस्ता ओलांडून गेलेलं जनावर, दोघांचीही हजेरी तिथे लागायची. पर्यटक वाळूत बदाम काढून त्यात दोन नावं लिहून जायचे, तेही पुसलं जायचं. डस्टर मागे वळून म्हणायचा, "चला, आणखी एक लग्न मोडलं."

पण या कामात पुसण्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते पुसण्याआधी बघणं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुन्या वाटा फुटल्या होत्या, कधीकाळी जमिनीखाली तेल शोधायला आलेल्या लोकांनी पाडलेल्या. तिकडे गाडी न्यायला बंदी. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी मऊ वाळूचा पट्टा, पुढे मात्र कडक, खडे भरलेली जमीन. तिच्यावरून कितीही गाड्या गेल्या तरी ओरखडा उठायचा नाही. म्हणजे आत कुणी शिरलंय का, हे कळायची जागा एकच, ते तोंड. तिथे ट्रॅक्टर थांबवायचा, खाली उतरायचं, वाकून बघायचं. आत गेलेली चाकं परत बाहेर आली आहेत ना? असतील, तर दाताळ्याने तोंड साफ करून पुढे निघायचं. नसतील, तर कशालाही हात लावायचा नाही आणि वायरलेसवर कळवायचं.

या बाबतीत डस्टर चोख होता. थंडीने बोटं वाकडी झाली तरी प्रत्येक तोंडाशी उतरायचा. लग्न केलं नव्हतं, बोलायला घरी कुणी नव्हतं, म्हणून आठवड्यातून एकदा अक्काला फोन करायचा आणि कुठल्या वाटेशी काय बघितलं ते रंगवून सांगायचा. ती बिचारी हूं हूं करत सगळं ऐकून घ्यायची. ऐकून ऐकून तिला त्याचं काम इतकं पाठ झालं होतं की उद्या ट्रॅक्टरवर बसवली असती तर तिने रस्ता पुसला असता.

अक्का त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आई गेली तेव्हा डस्टरचे दुधाचे दात पडत होते. पुढे अक्काचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली, धाकटा माझ्याबरोबर येणार. दाजी म्हणाले, येऊ दे की. नुसतं म्हणाले नाहीत, निभावलं. नोकरी लागेपर्यंत डस्टर त्यांच्याच घरी वाढला, आणि इतक्या वर्षांत दाजींनी त्याला एकदाही जाणवू दिलं नाही की हे घर तुझं नव्हे. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. शाळेतल्या कागदांवर पालक म्हणून सही दाजींची असायची आणि त्याने कुणाचं डोकं फोडलं तर माफी मागायलाही दाजीच जायचे. डस्टर मोठा झाल्यावर त्याला ते 'मेव्हणे' म्हणायला लागले, तेही अशा थाटात की जणू हा कुणी बडा आसामी.

गेल्या वर्षी दाजींच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी आत स्प्रिंग बसवली. दाजी सगळ्यांना सांगत सुटले, "आता मी गाडीसारखा झालोय, खड्डे लागत नाहीत." अक्का मात्र धास्तावली होती. तिने डस्टरला फोनवर सांगितलं, "बाळा, तू इतकी वर्षं बोलावतोयस ना, या हिवाळ्यात येतो आम्ही. राहून जायला नको." आणि खरंच दोघं त्यांच्या जुन्या निळ्या गाडीतून आली. डस्टरच्या एका खोलीत दोन दिवस राहिली. अक्काने खोली घासूनपुसून काढली आणि इतकी जळमटं बघून भावाला यथेच्छ बोलून घेतलं. डस्टर कान पाडून ऐकत होता. खूप दिवसांनी कुणीतरी हक्काने ओरडत होतं, त्याचं त्याला सुखच होत होतं.

तिसऱ्या दिवशी दोघं परत निघाली. दुपारपर्यंत डस्टरच्या खोलीतच आराम करायचा, मग सावकाश उद्यानातून जायचं, पश्चिम फाटकाशी डस्टरची वाट बघायची. तो माळ ओढत आला की तिघांनी चहा घ्यायचा आणि मग त्यांनी जवळच्या गावात मुक्कामाला जायचं. बेत अक्काचाच. "तुझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय मी नाही जाणार," असं ती म्हणाली होती.

पूर्व फाटकावर प्रत्येक गाडीला एक पितळी बिल्ला देतात. पश्चिमेला तो परत करायचा. संध्याकाळी दिलेले आणि परत आलेले बिल्ले जुळले की उद्यान रिकामं झालं असं धरायचं. पण नोकरांच्या घरच्या माणसांना बिल्ला द्यायचा नाही, अशी तिथे रीत पडली होती. कागदावर ती कुठेच नव्हती. बिल्ला दिला म्हणजे तिकीट आलं, आणि तिकीट आलं म्हणजे आपल्याच माणसाला परकं केल्यासारखं, असं सगळ्यांनाच वाटायचं. फाटकावरच्या माणसाने तरी बिल्ला हातात घेतला होता. डस्टरनेच हात वर केला.

"राहू दे रे. घरचीच माणसं आहेत."

दाजींनी अक्काकडे बघून भुवया उडवल्या. "बघितलंस? वट आहे आपल्या मेव्हण्यांची." आणि हॉर्न वाजवत, एखाद्या मंत्र्याच्या ऐटीत ते आत शिरले. डस्टरची छाती फुगली होती. त्याच्या साध्यासुध्या आयुष्यात असे प्रसंग फार आले नव्हते, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुपार कलल्यावर फाटक बंद झालं. बिल्ले जुळल्याचा निरोप आला आणि डस्टरने ट्रॅक्टर सुरू केला. वारा बोचरा होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, अक्का तिकडे थंडीत वाट बघत बसली असेल. तिचे गुडघे दुखतात, दाजींना गारवा सोसत नाही, आणि आपण इथे दाताळं घेऊन वाळू विंचरत बसायचं? पहिल्या वाटेशी तो उतरला. दुसरीशीही उतरला. तिसरीशी आला तेव्हा त्याच्या डोक्यातून एक शक्कल निघाली. खाली न उतरता ट्रॅक्टर जरा आत वळवायचा, पुन्हा रस्त्यावर आणायचा. मागची माळ आपोआप तोंडावरून फिरते आणि काम होऊन जातं. बिल्ले तर जुळलेले आहेत, आत कोण असणार? एवढ्या वर्षांत हे आपल्याला सुचलं कसं नाही, असं त्याला वाटलं. पुढच्या सगळ्या वाटा त्याने अशाच पुसल्या. अर्ध्या वेळा त्याची नजर वाळूवर नव्हतीच. ती लांब पुढे, फाटकाच्या दिशेला लागली होती.

पश्चिम फाटकाशी तो पोचला आणि ट्रॅक्टरवरूनच इकडेतिकडे बघायला लागला. फाटकाशेजारच्या शेडखाली गाडी नव्हती. बाहेरही नव्हती. फाटकवाला शेकोटीशी हात शेकत बसला होता.

"माझी माणसं कुठे गेली?" डस्टरने विचारलं.

"कोण माणसं?"

"अरे अक्का आणि दाजी. निळी गाडी. सकाळी मी वायरलेसवर सांगितलं नव्हतं का तुला?"

"सांगितलंस. म्हणून तर मी पण बघतोय. नाही आली निळी गाडी."

"आली असेल. तू आत चहा टाकायला गेला असशील."

"मी आत गेलो तरी फाटक कोण उघडणार? तुझे दाजी?" फाटकवाला हसला. मग त्याने डस्टरचं तोंड बघितलं आणि त्याचं हसू मावळलं.

डस्टर ट्रॅक्टरवरून खाली उतरला. रस्त्यावर गाडी नव्हती, हे तर त्याने स्वतः बघितलं होतं. मागेही गेली नाही, कारण पूर्व फाटकाशी तो स्वतः बसला होता. मग गाडी गेली कुठे? उत्तर त्याला लगेच कळलं, पण ते मनात आणायचं धाडस होईना. उद्यानात मोबाईलला रेंज नसायची, म्हणून त्याने वायरलेस उचलला. पलीकडे साहेब होते, वयाने तरुण, शांत माणूस.

"काका, घाबरू नका," साहेब म्हणाले. "चुकून एखाद्या जुन्या वाटेला वळले असतील. मी पूर्वेकडून जीप काढतो. कुठल्या तोंडाशी आत गेलेल्या खुणा होत्या, तेवढं सांगा."

डस्टरने मागे वळून रस्त्याकडे बघितलं.

"काका? येतोय ना आवाज?"

"पुसल्या, साहेब."

"हो, पुसता तुम्ही. पण पुसायच्या आधी बघितल्या असतील ना?"

वायरलेस खरखरत राहिला. फाटकवाल्याने शेकोटीतलं एक लाकूड उगाचच इकडचं तिकडे केलं, डस्टरकडे बघायला लागू नये म्हणून.

"नाही बघितल्या," डस्टर म्हणाला.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर डस्टरला बरं वाटलं असतं. ते नुसतंच म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही तिकडून एकेक वाट बघत या, मी इकडून येतो." एवढं साधं वाक्य, पण त्या वाटा किती आणि आत जाऊन त्यांना किती फाटे फुटतात, हे दोघांनाही माहीत होतं. रात्री तिथे बाटलीतलं पाणी गोठायचं. दाजींच्या छातीत स्प्रिंग होती आणि अंगात एक स्वेटर.

त्याने माळ सोडली, फाटकवाल्याला शेजारी बसवलं आणि आलेल्या वाटेने उलटा निघाला. उजेड जेमतेम उरला होता. पुढे सगळा रस्ता त्यानेच पुसलेला, सुंदर, गुळगुळीत, एक वळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कामाची शिसारी आली. एवढं नीट कशाला पुसायचं माणसाने? कुठेतरी एखादी रेघ सुटली असती, एखाद्या कोपऱ्यात चाकाचा एवढासा ठसा राहिला असता, तर काय बिघडलं असतं?

तो आठवायला लागला. पाचवी वाट होती का? तिथे चाकं होती, रुंद चाकं. नाही, ती कालची. मग मोठ्या टेकाडापलीकडची? तिथे काहीतरी दिसलं होतं खास. काय दिसलं होतं? आठवण काढावी तसतशा प्रत्येक तोंडाशी त्याला गाडीच्या खुणा दिसायला लागल्या. आपण खरं आठवतोय की आत्ता मनाने रचतोय, हेच त्याला कळेना. त्याने कपाळावर मुठी मारून घेतल्या. फाटकवाला म्हणाला, "अरे, स्टीयरिंग धर!"

शेवटी एका वाटेबद्दल त्याची खात्री झाली. तिथे नक्की चाकं होती, आत गेलेली, बाहेर न आलेली. तो शपथेवर सांगायला लागला. दोघं त्या वाटेने आत गेले, फाट्यामागून फाटा बघत गेले, हाका मारून घसे बसवून घेतले. वाटेच्या शेवटी पर्यटकांनी टाकलेल्या संत्र्याच्या साली आणि एक फाटका मोजा मिळाला. गाडी येऊन गेली होती, पण कधीतरी, कुणाची तरी. तिथून परत रस्त्यावर येईपर्यंत पार काळोख झाला होता आणि फाटकवाल्याचे दात वाजत होते.

त्यानंतर ते मोठ्या टेकाडाजवळच्या वाटेशी आले. फाटकवाला म्हणाला, "ही बघूया?"

"ही नको. इथे काही नव्हतं."

"जाता जाता बघू रे. काय जातंय आपलं?"

"सांगितलं ना, नव्हतं! ही जागा मला लख्ख आठवते. वाळूला डागसुद्धा नव्हता. वेळ कुठे आहे आपल्याकडे?" डस्टर त्याच्या अंगावर ओरडलाच. फाटकवाल्याने बिचाऱ्याने कानटोपी ओढून घेतली. बहीण त्याची हरवलीय, रस्ता त्याने पुसलाय, आपण काय बोलणार, असं त्याला वाटलं असणार. ट्रॅक्टर पुढे गेला.

बाकीची रात्र सांगण्यात अर्थ नाही. साहेबांची जीप समोरून आली, दोन्ही गाड्यांनी टेकाडाजवळची सोडून बाकीच्या वाटा वाटून घेतल्या, पुन्हा त्याच रस्त्यावरून ये-जा केली. डस्टर देवाला, दैवाला, कुणाकुणाला काय काय कबूल करत होता. मला न्या, माझे हातपाय न्या, पण त्या दोघांना गाडीत उबेला ठेवा. मध्येच स्वतःची समजूत घालायचा की दाजी हुशार आहेत, अक्का खंबीर आहे, गाडीत पांघरूण असेल. मग आठवायचं की जाडं पांघरूण त्याच्या खोलीतच राहिलं आहे. अक्काने जाताना बजावून ठेवलं होतं, तुझंच फाटलंय, हे तुला राहू दे.

उजाडायला लागलं तेव्हा डस्टर मोठ्या टेकाडावर चढला. पाय वाळूत रुतत होते, दम लागत होता. सूर्य नुकताच वर येत होता आणि उन्हाचा पहिला पट्टा वाळवंटावर आडवा पडला होता. डस्टरने चारी दिशांना बघितलं. आणि अगदी पायथ्याशी, टेकाडाच्या पाठीमागे, काहीतरी चमकलं. काच होती. निळ्या गाडीची पुढची काच.

रस्ता तिथून इतका जवळ होता की टेकाडावरून दोन्ही दिसत होते, गाडीही आणि रस्ताही. ज्या वाटेत काही नव्हतं म्हणून तो फाटकवाल्यावर ओरडला होता, त्याच वाटेत, तोंडापासून हाकेच्या अंतरावर, चाकं वाळूत रुतलेली गाडी उभी होती. कडक जमीन संपून पुढे मऊ वाळू सुरू होते तिथेच ती फसली होती. डस्टर घसरत, पडत, ओरडत खाली धावला.

गाडीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. त्याने दार ओढलं. दाजी मागच्या सीटवर अक्काला टेकून बसले होते. अंगावर त्यांचा स्वेटर, वरून अक्काचा स्वेटर, वरून तिची शाल, पायांवर गाडीतलं पायपुसणं. अक्काच्या अंगावर नुसती साडी होती आणि तिचे ओठ काळेनिळे पडले होते. तिने दाजींचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. डस्टरने दाजींच्या गालाला हात लावला आणि मागे घेतला.

"गेले रे," अक्का म्हणाली. "उजाडायच्या जरा आधी."

डस्टर वाळूत बसला. मग धडपडत उठला आणि अंगातला कोट काढून तिच्या अंगावर घातला. ती काही न बोलता घालून घेत होती, लहान मूल घालून घेतं तशी. फाटकवाला टेकाडावरून साहेबांना हाका मारत होता. अक्का हळूहळू बोलायला लागली. तिची जीभ जड झाली होती, शब्द सांडत होते, पण तिला सगळं सांगायचं होतं.

"मला आडोसा हवा होता. हे म्हणाले, इथेच कडेला जा, कोण बघतंय? मीच म्हटलं, एखादी गाडी आली म्हणजे? जरा आत घ्या. आणि रुतली बघ. ह्यांनी ढकलली, हाताने वाळू उपसली, मी नको नको म्हणत होते तरी. मग छातीत दुखायला लागलं."

"अक्का, बोलू नकोस आता."

"ऐक ना. जरा बसल्यावर ह्यांना बरं वाटलं. म्हणाले, ऊन आहे तोवर चालत रस्त्यापर्यंत जाऊ. इथेच आहे, हळूहळू जाऊ. मी म्हटलं, अजिबात नाही. छाती दुखतेय आणि चालायचं कसलं? गुपचूप बसून राहा. तो येईल आता. तो आपली चाकं बघेल. आत गेलेली चाकं बाहेर आली नसतील तर तो पुढे जातच नाही. हो ना? तूच सांगायचास."

डस्टर तिच्या अंगावरच्या कोटाची बटणं लावायला लागला.

"मग तुझा ट्रॅक्टर आला. ऐकला आम्ही. इथे, अगदी इथे. हे म्हणाले, आले बघ आपले मेव्हणे. मी बाहेर जाऊन हाका मारल्या, ह्यांनी हॉर्न धरून ठेवला. आधीच गाडी चालू करून करून बॅटरी खलास झाली होती, हॉर्न तो कसला, नुसतं कण्हल्यासारखं वाजलं आणि बंद पडलं. मग तुझा आवाज लांब गेला. ह्यांना म्हटलं, गेला वाटतं. तर म्हणाले, नाही गं, ट्रॅक्टर वळवायला गेला असेल. किती वेळ तेच म्हणत होते, वळवायला गेला असेल."

"अक्का..."

"रात्री पण आवाज आला दोनदा. पण ह्यांना टाकून कशी येऊ? माझ्या अंगाची ऊब होती तेवढीच."

डस्टरने तिचे पाय धरले. ते दगडासारखे गार होते. "अक्का, मी बघितलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे वाट बघत असाल म्हणून घाई केली मी. खाली उतरलोच नाही. न बघता पुसलं आणि पुढे गेलो."

तिला ते लगेच समजलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो वाट बघत होता की आता ती काहीतरी बोलेल, कानाखाली देईल, लहानपणी द्यायची तशी. तिने दिली असती तर त्याने दुसरा गालही पुढे केला असता. पण तिने दाजींच्या गळ्यातला मफलर सारखा केला, त्यांच्या कानावर नीट ओढून घेतला, आणि पुन्हा भावाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरोखरच काहीतरी कळून घ्यायचं होतं.

"मग मी ह्यांना चालू का नाही दिलं रे?" तिने विचारलं.

मागे जीप येऊन थांबली, साहेब धावत आले, कुणीतरी पांघरूण आणा म्हणून ओरडलं. अक्काचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ती भावाच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होती.